शिल्लक ३.४ : आर्केडचे कार्ड आणि तासाचा पास

माझ्या टेबलाच्या खणात एका आर्केडचे, म्हणजे पैसे भरून यंत्रांवर खेळायच्या दालनाचे, प्लॅस्टिकचे कार्ड बरेच दिवस पडून होते. त्यावर ३.४ क्रेडिट (तिथे खेळांचे भाव पैशांत नसून याच एककात असतात) शिल्लक होते आणि त्या आर्केडमधला सर्वांत स्वस्त खेळ ४.२ क्रेडिटांचा होता, त्यामुळे ते कार्ड धड रिकामेही नव्हते आणि धड उपयोगाचेही नव्हते. हे परीक्षण त्या कार्डाचे आहे आणि त्याच काउंटरवर मिळणाऱ्या, साठ मिनिटे कितीही खेळू देणाऱ्या पासाचेही आहे. भाचा आणि भाची यांच्यासह मी तिथे एकदा कार्ड घेऊन गेलो; त्यानंतर एकट्या भाच्याला घेऊन दोनदा पास काढून गेलो, एक खेप रविवारी दुपारी आणि दुसरी आठवड्याच्या मधल्या एका संध्याकाळी. तिन्ही वेळा खिशात लहानशी वही होती आणि प्रत्येक खेळाचा भाव, त्याला लागलेला वेळ आणि रांगेत गेलेली मिनिटे मी तिच्यात टिपत होतो. हा उद्योग भाच्याला लाजिरवाणा वाटला, हे नमूद करतो.

यंत्रांविषयी तक्रार नाही. पडदे स्वच्छ होते, बटणे घट्ट होती आणि आवाज असायला हवा तेवढाच कर्णकर्कश होता. प्रश्न आहे तो विक्रीच्या पद्धतीचा.

कार्ड घेताना काउंटरवरच्या फलकावर तीन पॅक दिसले. सर्वांत लहान पॅकमध्ये १०० क्रेडिट मिळत होते. त्याच्या दुप्पट किमतीच्या पॅकमध्ये २४०, आणि तिप्पट किमतीच्या पॅकमध्ये ४००. फलकावर दुसऱ्या पॅकपुढे ‘२० टक्के जादा’ आणि तिसऱ्यापुढे ‘३३ टक्के जादा’ असे ठळक लिहिले होते. दोन्ही आकडे खरे आहेत, मात्र ‘जादा’ म्हणजे ‘सूट’ नव्हे. २४० च्या पॅकमध्ये एका क्रेडिटची किंमत १७ टक्क्यांहून किंचित कमी उतरते आणि ४०० च्या पॅकमध्ये ती बरोबर २५ टक्के उतरते. ३३ टक्के वाचले अशा समजुतीने जो मोठा पॅक घेतो, त्याचे प्रत्यक्षात २५ टक्केच वाचतात, आणि तेही त्याने ४०० च्या ४०० क्रेडिट वापरून संपवले तरच. याखेरीज प्रत्येक नव्या कार्डामागे ते चालू करण्याचे वेगळे शुल्क होते, जे फलकावर तळाशी बारीक अक्षरांत छापलेले होते. भाचीला स्वतःचे कार्ड हवे होते, म्हणून हे शुल्क आम्ही दोनदा भरले. तिच्यासाठी १०० चा पॅक घेतला, भाच्यासाठी २४० चा.

बोनस क्रेडिट ही खरेदी केलेल्या क्रेडिटपेक्षा वेगळी जात आहे, हे पावती वाचल्यावर कळले. आधी खरेदीचे क्रेडिट खर्ची पडतात, बोनस शेवटी. आणि बोनसची मुदत खरेदीच्या क्रेडिटच्या मुदतीपेक्षा कमी असते. म्हणजे जे क्रेडिट आधी बाद होणार ते सर्वांत शेवटी वापरायला मिळतात. हा क्रम उलटा करायला संगणकातील एक ओळ पुरेशी असावी, आणि तो उलटा का केलेला नाही हे समजायला फार डोके चालवावे लागत नाही.

यंत्रापाशी गेल्यावर कार्ड रीडरच्या निळ्या चौकटीत भाव दिसतो: बास्केटबॉल ४.८, मोटारसायकलची शर्यत ९.६, नेमबाजी ७.४, तिकिटे देणारे फिरते चाक ६.०. कार्ड टेकवले की चौकट हिरवी होते, शिल्लक क्षणभर चमकते आणि लगेच नाहीशी होते, इतक्या चटकन की सवय नसलेल्या माणसाने ती वाचेपर्यंत खेळ सुरू झालेला असतो. या आकड्यांचा खऱ्या पैशांशी संबंध लावायचा तर आधी आपण कोणता पॅक घेतला होता ते आठवावे लागते, मग एका क्रेडिटची किंमत काढावी लागते, आणि मग तिला ७.४ ने गुणावे लागते. शेजारी गाणे वाजत असताना आणि हाताला एक मूल लोंबकळत असताना हा गुणाकार कोणी करत नाही. मीही पहिल्या दोनतीन खेळांनंतर सोडून दिला आणि घरी येऊन वहीवरून केला.

घरी केलेल्या हिशेबातून जे निघाले ते मात्र मला खरोखर अनपेक्षित होते. भाव खेळामागे लावलेला असल्यामुळे आपण ४.८ आणि ९.६ यांची तुलना करतो आणि शर्यत बास्केटबॉलच्या दुप्पट महाग समजतो. परंतु बास्केटबॉलचा डाव ४५ सेकंदांत संपतो, तर शर्यत सुमारे तीन मिनिटे चालते. मिनिटाचा भाव काढला तर बास्केटबॉल ६.४ क्रेडिटांना पडतो आणि शर्यत केवळ ३.२ ला, म्हणजे जी दुप्पट महाग वाटली ती निम्म्या भावात मिळत होती. फिरते चाक तर दहा सेकंदांत थांबते. त्याचा मिनिटाचा भाव ३६ क्रेडिट होतो. भाचीने त्या चाकावर चार वेळा कार्ड टेकवले, एकूण चाळीस सेकंद खेळली, आणि तिच्या पॅकमधला जवळपास चौथा हिस्सा तिथे संपला. चाकातून तिकिटे मिळतात आणि तिकिटांवर बक्षीस मिळते हे खरे. पण बक्षिसांच्या कपाटात तिच्या तिकिटांना एक खोडरबर आणि दोन स्टिकर एवढेच झेपले.

या अपूर्णांकी भावांबद्दल ग्राहकांची सर्वसाधारण तक्रार अशी असते की ते मुद्दाम गोंधळ घालण्यासाठी ठेवलेले आहेत. ती निम्मी बरोबर आहे. उरलेली निम्मी बाजू आर्केड चालवणाऱ्यांची आहे आणि तीही ऐकून घेण्यासारखी आहे, कारण नाण्यांच्या काळात त्यांचे हात खरोखरच बांधलेले होते. १९७२ मध्ये अटारी या व्हिडिओ गेम कंपनीने पाँग या खेळाचे पहिले यंत्र कॅलिफोर्नियातील सनीव्हेल येथील एका बारमध्ये चाचणीसाठी ठेवले, ते काही दिवसांतच बंद पडले, आणि उघडून पाहिल्यावर नाण्यांची पेटी तुडुंब भरल्यामुळे ते अडले होते असे आढळले. त्या यंत्रात २५ सेंटचे एक नाणे टाकायचे होते. त्यानंतर महागाई वाढत गेली, यंत्रे महाग झाली, जागेची भाडी वाढली, पण नाणे तेच राहिले. भाव वाढवायचा म्हणजे एकाऐवजी दोन नाणी मागायची, म्हणजे एकदम दुप्पट करायचा. मधली पायरीच नव्हती. १९८३ मध्ये लेझर डिस्कवर चालणारा ड्रॅगन्स लेअर हा खेळ ५० सेंटना आला तेव्हा एका डावाला दोन नाणी टाकणे लोकांना भलतेच वाटले होते.

जपानमध्ये हीच अडचण अधिक स्पष्ट दिसते. तिथले आर्केड १०० येनच्या नाण्यावर उभे राहिले. उपभोग कर १९८९ मध्ये ३ टक्क्यांनी सुरू झाला, १९९७ मध्ये ५ टक्के, २०१४ मध्ये ८ टक्के आणि २०१९ मध्ये १० टक्के झाला. दुकानातल्या बहुतेक वस्तू त्या त्या प्रमाणात महागल्या, पण १०० येनच्या नाण्याच्या फटीतून ११० येन आत जाऊ शकत नाहीत. करातील प्रत्येक वाढ चालकाच्या खिशातून गेली. कार्डाने त्यांना जी सुटका दिली ती हीच: भाव आता पाच टक्क्यांनी वाढवता येतो, तासागणिक बदलता येतो, मंदीच्या दिवशी उतरवता येतो, आणि त्यासाठी एकही यंत्र उघडावे लागत नाही. डेव्ह अँड बस्टर्स या अमेरिकी साखळीची बुधवारी खेळ निम्म्या भावात देण्याची प्रथा प्रसिद्ध आहे. नाण्यांवर चालणाऱ्या शेकडो यंत्रांचा भाव एका दिवसापुरता निम्मा करून दुसऱ्या सकाळी पूर्ववत करणे किती कटकटीचे झाले असते याची कल्पना करावी. तेव्हा ४.८ या आकड्यात नुसती लबाडीच आहे असे मी म्हणणार नाही. पण भाव बारीक करता येणे ही एक गोष्ट झाली आणि तो पैशांऐवजी क्रेडिटमध्ये लिहिणे ही दुसरी. पहिलीची गरज मला पटते. दुसरीची एकच गरज दिसते, आणि ती चालकाची आहे. कार्डावर थेट पैसेच भरून यंत्रावर पैशांतच भाव दाखवायला तांत्रिक अडचण काहीही नाही.

कार्डाच्या आधीचे टोकनही याच वाटेवरचे होते. पितळी टोकन दुकानाबाहेर कवडीमोलाचे असल्यामुळे पेटी फोडून चोरण्यात कोणाला रस नव्हता, मोठ्या खरेदीवर चार टोकने जास्त देता येत होती, आणि घरी जाताना खिशात राहिलेली टोकने म्हणजे खेळ न देता मिळालेले पैसे होते. तरी टोकनात एक प्रामाणिकपणा होता: मुठीत किती उरली ते मुलाला मोजता येत होते आणि शेवटची दोन उरल्यावर त्याचा चेहरा गंभीर होत होता. कार्ड पहिल्या टेकवण्यापासून शेवटपर्यंत तेवढ्याच वजनाचे राहते.

आता पास. साठ मिनिटांच्या पासाची किंमत १०० क्रेडिटच्या पॅकपेक्षा दहा टक्के जास्त होती. लहान पॅकच्या दराने ती ११० क्रेडिटइतकी भरते आणि २४० च्या पॅकच्या दराने १३२ क्रेडिटइतकी. माझ्या वहीतील नोंदींनुसार पासात येणाऱ्या खेळांचा सरासरी भाव साडेपाच क्रेडिटच्या आसपास पडतो; म्हणजे लहान पॅक घेणाऱ्याला पास फायद्याचा ठरण्यासाठी तासाला वीस खेळ झाले पाहिजेत, आणि मधला पॅक घेणाऱ्याला चोवीस. वीस खेळ म्हणजे दर तीन मिनिटांना एक, आणि या तीन मिनिटांत खेळ, पुढच्या यंत्रापर्यंतचे चालणे, रांग, पाणी प्यायला थांबणे, बुटाची नाडी बांधणे हे सगळे आले.

रविवारी भाच्याचे चौदा खेळ झाले. एकट्या मोटारसायकलच्या रांगेत अकरा मिनिटे गेली. प्रत्यक्ष खेळण्यात गेलेला वेळ जेमतेम सव्वीस मिनिटे भरला. उरलेला वेळ चालण्यात आणि इतरांच्या पाठी पाहण्यात गेला. कार्डाने खेळला असता तर हेच चौदा खेळ सुमारे ७४ क्रेडिटांना पडले असते. पुढे आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी, अर्ध्या रिकाम्या दालनात, त्याच साठ मिनिटांत पंचवीस खेळ झाले आणि त्यांची कार्डावरची किंमत १४१ क्रेडिटच्या आसपास भरली. पासाची किंमत दोन्ही दिवशी तीच होती. छापील नाव तेच, मिनिटे तेवढीच, आणि हातात पडलेला माल जवळजवळ निम्मा किंवा दुप्पट.

माझ्या मते या सगळ्या विषयाचे मर्म इथे आहे. खेळ विकला जातो तेव्हा रांगेचा, बिघाडाचा आणि रेंगाळण्याचा तोटा चालकाचा असतो: यंत्र रिकामे राहिले की त्याची कमाई थांबते, म्हणून ते दुरुस्त ठेवण्याची आणि रांग पुढे सरकवण्याची घाई त्याला असते. वेळ विकला जातो तेव्हा तोच तोटा ग्राहकाच्या अंगावर येतो. चालकाला पैसे मिळून चुकलेले असतात आणि रांगेत उभा असलेला मुलगा त्याला यंत्राची झीज न करणारा ग्राहक असतो. असे मुद्दाम कोणी करते असे मला म्हणायचे नाही. मला एवढेच दिसले की कार्डाच्या पद्धतीत चालकाचे हित आणि आमचे हित एका दिशेने जात होते आणि पासाच्या पद्धतीत ते वेगळे झाले.

एक छोटा प्रसंग सांगतो. कार्डाच्या खेपेस बास्केटबॉलच्या यंत्रात एक चेंडू जाळीमागे अडकला आणि डाव फुकट गेला. कर्मचाऱ्याला बोलावले, त्याने स्वतःचे कार्ड टेकवून मिनिटभरात ४.८ क्रेडिट परत जमा केले, वर ‘सॉरी’ म्हणाला. रविवारी, पास चालू असताना, त्याच यंत्रात पुन्हा तेच झाले. तो कर्मचारी तेवढ्याच तत्परतेने आला, किल्लीने झडप उघडली, चेंडू मोकळे केले, आणि या सगळ्याला चार मिनिटे लागली. मी त्याला विचारले, “ही चार मिनिटे तुम्ही पासात वाढवून द्याल का?” तो अवघडून म्हणाला, “सर, क्रेडिट टाकता येतात मला. वेळ टाकायची सोयच नाही यात.” त्याचा काहीच दोष नव्हता. ज्याने ही यंत्रणा बसवली त्याने क्रेडिट परत देण्याचा विचार केला होता आणि मिनिटे परत देण्याचा केला नव्हता. त्याच दिवशी तीन यंत्रांवर ‘बंद आहे’ अशा चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. त्यांची वजावटही अर्थातच पासाच्या किमतीत कुठे नव्हती.

पासाला आणखी एक अट आहे, जी यंत्राने सांगितली, काउंटरने नाही. एका यंत्रावर पास टेकवून खेळ संपला की त्याच यंत्रावर तोच पास पुढची दोन मिनिटे चालत नाही; रीडर लाल होतो. मागचे कारण समजण्यासारखे आहे. असे नसते तर एका पासावर चार मुले आळीपाळीने खेळली असती आणि एखादा हट्टी मुलगा तासभर एकाच मोटारसायकलवरून उतरला नसता. परंतु मधल्या संध्याकाळी, मागे एकही माणूस उभा नसताना, लाल दिव्यासमोर दोन मिनिटे थांबणे ही शिक्षाच होती. मागे रांग आहे की नाही हे यंत्राला कळत नाही, त्यामुळे गर्दीसाठी केलेला नियम रिकाम्या दालनातही तसाच लागू राहतो.

पासातून काय वगळले आहे तेही नीट पाहावे. इथे क्लॉ मशीन (यांत्रिक पंजाने खेळणे उचलायचे यंत्र), नाणी ढकलणारी यंत्रे, फिरते चाक आणि व्हीआरची (डोळ्यांवर चष्मा चढवून आभासी जगात खेळायची) खोली पासात नव्हती, आणि पासावर खेळलेल्या बास्केटबॉलची तिकिटे कार्डात जमा होत नव्हती. यामागचे तर्कशास्त्र मला मान्य आहे. शर्यतीचा एक जादा डाव चालकाला थोडी वीज आणि थोडी झीज एवढाच पडतो, तर क्लॉ मशीनच्या प्रत्येक यशस्वी डावात एक खरे खेळणे दुकानाबाहेर जाते. जिथे जादा डावाचा खर्च शून्याजवळ आहे तिथेच ‘कितीही खेळा’ म्हणणे परवडते. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ब्रुकफील्ड येथे २०१० पासून चालू असलेले गॅलोपिंग घोस्ट आर्केड एकदा प्रवेशशुल्क घेऊन सगळी जुनी यंत्रे दिवसभर मोकळी सोडते, ते याच बळावर: तिथे मुद्दा खेळाचा आहे, बक्षिसांच्या कपाटाचा नाही, आणि पुष्कळ जुन्या यंत्रांच्या आत ‘फ्री प्ले’ची, म्हणजे नाणे न टाकता खेळू देण्याची, सोय मुळातच असते. माझी हरकत वगळण्याला नाही, वगळल्याचे न सांगण्याला आहे. क्लॉ मशीनसमोर पास टेकवल्यावर लाल दिवा लागला तेव्हा भाच्याचा समज झाला की आमचे पैसे संपले. फलकावर दोन ओळी लिहिल्या असत्या तर एवढेही झाले नसते.

घड्याळ कधी सुरू होते, हा पास घेण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न आहे. इथे ते पहिल्यांदा पास टेकवल्यापासून सुरू होत होते, हे चांगले. काही ठिकाणी ते पावती फाडल्यापासूनच चालू होते. मध्ये थांबवण्याची सोय इथे नव्हती. लहान मुलांसाठी ती असायला हवी, कारण लहान मुले अमुक वाजता भूक लागेल असे ठरवून भुकेली होत नाहीत.

मोजून की सरसकट, हा वाद या कार्डांहून पुष्कळ जुना आहे. डिस्नेलँड १९५५ मध्ये उघडले त्याच वर्षी तिथे तिकिटांची पुस्तके आली. साध्या पाळण्यांना ‘ए’ तिकीट, पुढे १९५९ मध्ये सर्वांत आकर्षक राइडसाठी ‘ई’ तिकीट, आणि घरोघरी खणांत न वापरलेली ‘ए’ तिकिटे. माझ्या ३.४ क्रेडिटचे ते थेट पूर्वज. वॉल्टर ओय या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये नेमका हाच प्रश्न मांडला की प्रवेशाला जास्त आकारावे की प्रत्येक राइडला, आणि त्याचे उत्तर साधारण असे होते की राइड फिरवायला जेवढा खर्च येतो तेवढाच तिचा भाव ठेवून बाकीचे प्रवेशातून वसूल करणे मालकाला लाभते, मात्र सगळे ग्राहक सारखे नसतील तर गणित बदलते. डिस्नेलँडने १९८२ मध्ये ती पुस्तके बंद करून सरसकट प्रवेश आणला. ज्यांनी ती व्यवस्था पाहिली त्यांना पुढे काय झाले तेही माहीत आहे: तिकीट गेले आणि रांग राहिली. पूर्वी पैशांनी आवरलेली गर्दी आता वेळेने आवरली जाते.

आर्केडच्या धंद्यातही हाच प्रवास झाला आहे. अटारीच्या संस्थापकांपैकी नोलन बुशनेल यांनी १९७७ मध्ये सॅन होजे येथे चक ई. चीझ हे पिझ्झा आणि आर्केड एकत्र असलेले ठिकाण सुरू केले तेव्हा तिथे टोकन चालत. त्या साखळीने पुढे टोकन सोडून कार्ड स्वीकारले आणि खेळ मिनिटांवरही विकायला घेतला.

माणसे सरसकट दराकडे ओढली जातात यात मात्र नवल नाही. स्टेफानो देलाविन्या आणि उल्रिके माल्मेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील व्यायामशाळांच्या नोंदी तपासून २००६ मध्ये निबंध प्रसिद्ध केला, त्यात ७० डॉलरहून अधिक मासिक शुल्क भरणारे सदस्य महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच येत असल्याचे आणि त्यांना एक भेट १७ डॉलरहून अधिकची पडत असल्याचे दिसले. दहा भेटींचे कार्ड घेतले असते तर तीच भेट १० डॉलरना मिळाली असती. माझा रविवारचा पास याच जातीचा होता. काउंटरवर उभा असताना मीही मनात तीस खेळ धरले होते.

तरीही पासाच्या बाजूने एक गोष्ट लिहिलीच पाहिजे, आणि ती माझ्या वहीत आकड्यांत मावत नाही. कार्डाच्या दिवशी भाचा प्रत्येक यंत्रासमोर उभा राहून विचार करत होता, इतरांचा खेळ पाहत होता, आणि ओळखीच्या खेळांपलीकडे गेला नाही, कारण अनोळखी खेळावर ७.४ घालवणे त्याच्या जिवावर येत होते. पासाच्या दिवशी त्याने पायांनी बाण दाबत नाचायच्या यंत्रावर पाय ठेवला. पहिला डाव वीस सेकंदांत संपला, दुसरा चाळीस, आणि संध्याकाळ संपेपर्यंत तो त्यावर सहा वेळा जाऊन आला होता. मधली दोन मिनिटे तो लाल दिव्यासमोर पायांनी ताल धरून काढत होता. कार्डावर हे घडले नसते. हरण्याला किंमत नसली की मूल नवे काही करून पाहते. याची दुसरी बाजूही त्याच तासात दिसली. पासावर तो खेळ अर्धवट सोडायला शिकला. “मामा, चला चला, ते रिकामं झालंय!” असे म्हणत त्याने शर्यतीच्या शेवटच्या फेरीत मोटारसायकल सोडली आणि पलीकडे पळाला. कार्डावर ९.६ मोजलेली शर्यत त्याने कधीही अशी सोडली नसती.

माझा सल्ला विचाराल तर गर्दीच्या दिवशी पास घेऊ नये. लहान पॅक घ्यावा, लांब चालणारे खेळ निवडावेत आणि चाकांपासून दूर राहावे. कमी गर्दीच्या दिवशी, विशेषतः ज्या मुलाने सगळे खेळ अजून पाहिलेले नाहीत त्याच्यासाठी, पास निःसंशय चांगला. मोठा पॅक फक्त त्यांनी घ्यावा जे मुदतीच्या आत नक्की परत येणार आहेत. आत गेल्यावर आधी एक फेरी मारून रांगा मोजाव्यात आणि मगच काउंटरवर जावे. उलट क्रमाने जाण्याची सोय करणारा काउंटर दारातच असतो, हे लक्षात ठेवावे. या आर्केडला यंत्रांसाठी मी पाचपैकी चार गुण देईन, कर्मचाऱ्यांसाठी पाच, आणि भावाच्या मांडणीसाठी दोन. त्या दोनातला एक गुण रीडरवर निदान भाव लिहिलेला असतो म्हणून.

राहता राहिले खणातले कार्ड. उरलेले क्रेडिट पैशांत परत मिळत नाहीत, आणि ४.२ पेक्षा कमी शिल्लक असेल तर तिचा काही उपयोग होत नाही, असे मला वाटत होते. शेवटच्या खेपेस निघताना सहज विचारले, तेव्हा काउंटरवरची मुलगी म्हणाली की दोन कार्डांची शिल्लक एकत्र करता येते, फक्त कोणी विचारत नाही. भाचीच्या कार्डावर २.० उरले होते आणि तेही कार्ड सुदैवाने माझ्याच पाकिटात होते. दोन्ही मिळून ५.४ झाले. भाच्याने त्यात बास्केटबॉलचा एक डाव खेळला, ४५ सेकंद, आणि चेंडू अडकला नाही. कार्डावर आता ०.६ शिल्लक आहे.